लाभार्थी क्रमांक एक

वर्धा जिल्ह्याला नवा तुरुंग मंजूर झाला, त्या दिवशी बांधकामाच्या कचेरीत पेढे वाटले गेले. आंजीच्या पुढे रस्त्याला लागून अठरा एकर ई-क्लासची सरकारी जमीन होती. तिथं गावची गुरं चरायची. गुरांनी लेखी हरकत घेतली नाही, म्हणून जागेचा प्रश्न एका बैठकीत सुटला. शाळेच्या गळक्या छतावर चार पत्रे टाकायचे तर जिथं तीन पावसाळे जातात, तिथं तुरुंगाची फाईल मात्र अशी पळाली की रस्त्यात कुणी चहालासुद्धा थांबलं नाही.

तुरुंग कसा असावा हे ठरवायला अकरा जणांची समिती नेमली. या अकरापैकी कुणीच कधी तुरुंगात गेलेलं नव्हतं, आणि दोघांच्या बाबतीत ही उणीव जिल्ह्याला चांगलीच जाणवत होती. समितीचे अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब. त्यांना सगळ्याच समित्यांचा अनुभव होता. सदस्य-सचिव म्हणजे कचेरीचे मोठे साहेब. आणि नकाशे काढायला, पुसायला आणि पुन्हा काढायला रूपराव.

रूपराव तीस वर्षं त्या कचेरीत आरेखक होते. मागच्या खोलीत, खिडकीजवळ, उंच टेबलावर. त्यांनी काढलेलं काहीही काढलं तसं बांधलं गेलं नव्हतं. गुरांचा दवाखाना काढला तर त्यात मंगल कार्यालय सुरू झालं, वाचनालय काढलं तर त्याला खिडक्या ठेवायच्या राहून गेल्या. त्यामुळे आपल्या कामाकडून त्यांची फारशी अपेक्षा उरली नव्हती. दुपारी डबा खायचा, संध्याकाळी पेन्सिली टोकदार करून ठेवायच्या, आणि बैठकीत जे ऐकू येईल त्यावर मनातल्या मनात बोलायचं, एवढं त्यांचं चाललं होतं.

एप्रिलच्या ऐन उन्हात समिती शेजारच्या जिल्ह्यातला एक जुना तुरुंग पाहायला गेली. तीन गाड्या होत्या. आत जाऊन अर्ध्या तासात समितीनं तुरुंग पाहिला, दोघांनी कैद्यांच्या ताटातली डाळ चाखली, एकानं ती चांगली आहे असंही म्हटलं, आणि मग सगळे शेतावरच्या रोडग्यांच्या जेवणाला जायला निघाले. रूपरावांना मागे ठेवलं. गेटाची मापं घ्यायची होती.

गेटाबाहेर वीस-पंचवीस माणसं होती, बहुतेक बायाच. त्या समितीच्या मोठ्या गाडीच्या सावलीत ओळीनं बसल्या होत्या. गाडी निघाली आणि सावलीही निघून गेली. बाया उठल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि पदर डोक्यावर ओढून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. भिंत तापलेली होती. रूपराव टेप धरून हे पाहत राहिले.

त्यातली एक बाई पुढं आली. चाळिशीची, काटक. "काय मोजून राह्यले जी?" तिनं विचारलं.

रूपरावांनी सांगितलं, आंजीकडे नवीन जेल होतं आहे, त्याचा नकाशा ते काढत आहेत. बाईनं आंजी कुठं ते नीट विचारून घेतलं. तिचं नाव रुखमा. आर्वीच्या पलीकडे, जंगलाला लागून तिचं गोंडांचं गाव. नवरा पुनाजी सागाच्या लाकडाच्या केसमध्ये सोळा महिने आत होता, खटला अजून उभा राहिलेला नव्हता. जिल्ह्यात जागा नाही म्हणून त्याला इथं आणून ठेवलेलं. दर पंधरा दिवसांनी ती पहाटे निघायची, आर्वीला एसटी बदलायची, मग आणखी एक बदलायची, सकाळी नंबर लावायची आणि दुपारी दोनला जाळीतून दहा मिनिटं बोलायची. आंजीला तर आर्वीहून एकच बस. रुखमाचा चेहरा एकदम उजळला. आपण काढलेल्या कुठल्याही इमारतीवर कुणाला एवढा आनंद झालेला रूपरावांनी पाहिला नव्हता, आणि ती इमारत तुरुंग असावी याची त्यांना लाज वाटली.

"एक शेड टाकजा साहेब गेटापाशी," रुखमा म्हणाली. "अन् बायांले जायाची जागा. तेवढ्यापायी मी कालपासून पाणी नाई पेली. बाकी काई नाई मांगत."

"टाकतो बाई," रूपराव म्हणाले. "शब्द देतो."

कचेरीच्या कामात कुणाला शब्द द्यायचा नसतो, हे त्यांना तीस वर्षांत कळायला हवं होतं. पण त्यांनी दिला. परत आल्यावर पहिला नकाशा काढला तो शेडचाच. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, तीन बाजूंनी बाक, नळ, बायांसाठी दोन संडास. बाकाची उंची ठरवायला ते स्वतः स्टुलावर तीन वेळा बसून उठले. मग उरलेल्या जागेत तुरुंग काढला.

त्यानंतर पुण्याहून सल्लागार वास्तुविशारद आले. त्यांचं नाव रजत. वय कमी, दाढी नीट कोरलेली. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, की 'तुरुंग' हा शब्द आता जगात कुणी वापरत नाही. आपण 'परिवर्तन संकुल' उभारत आहोत. मग पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रात तुरुंगासमोर हिरवळ होती आणि हिरवळीवर दोन गोऱ्या बाया कुत्रा घेऊन फिरत होत्या. समितीला चित्र फार आवडलं. अशा बाया आंजीच्या रस्त्याला कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही.

हळूहळू सूचना येऊ लागल्या. एका सदस्याचा वास्तुशास्त्रावर विश्वास होता. दक्षिणेच्या दारातून गेलेला माणूस सुखानं परत येत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि तुरुंगाबाबत ही गोष्ट फारच गंभीरपणे घेतली गेली. गेट ईशान्येला नेलं. रस्ता दक्षिणेला होता, तेव्हा गेटापर्यंत जायला अख्ख्या तुरुंगाला वळसा घालणारा नवा रस्ता काढावा लागला. दुसऱ्या सदस्यांनी पाहुण्यांसाठी वातानुकूलित खोली मागितली, कारण तपासणीला येणारा माणूस थकलेला असतो. तिसऱ्यांनी कारंजं मागितलं. भाऊसाहेबांनी चरख्याचं दालन मागितलं. सेवाग्रामच्या जिल्ह्यात चरख्याशिवाय इमारत कशी उभी राहील, असं ते म्हणाले, आणि त्यावर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. दालनात चरखा काचेत राहणार होता. कैद्यांनी त्याला हात लावू नये म्हणून बाजूला दोरी होती.

एकेक सूचना आली की शेड एकेक पाऊल सरकायची. कमानीसाठी ती डावीकडे गेली. कारंज्यासाठी मागे गेली. गाड्यांच्या तळासाठी चाळीस फुटांची वीस फूट झाली, मग बारा. संडास 'पुढील टप्प्यात' गेले. एकदा रजतनी अदबीनं सांगितलं, की कमानीसमोर माणसं बसलेली दिसली तर दर्शनी भागाचा परिणाम जातो. त्याऐवजी एक झाड घेऊ. नकाशावर शेडच्या जागी हिरवं वर्तुळ आलं आणि शेजारी 'प्रस्तावित वृक्ष' असं लिहिलं गेलं. रूपरावांनी दर वेळी शेड पुन्हा काढली आणि दर वेळी ती पुन्हा पुसली गेली. नऊ वेळा असं झालं. नवव्या वेळी कागदाला त्या जागी भोकच पडलं.

प्रस्ताव मुंबईला गेला आणि दीड महिन्यात परत आला. एवढ्या लवकर परत आला म्हणजे माशी शिंकली हे साहेबांनी पाकीट न फोडताच ओळखलं. शेरा असा होता, की लाभार्थी सहभागाचं परिशिष्ट जोडलेलं नाही. लाभार्थ्यांची यादी, त्यांचं संमतिपत्र, त्यांच्या प्रतिनिधीच्या सूचना, आणि प्रतिनिधी महिला असल्यास प्राधान्य.

हे परिशिष्ट विहिरींचं होतं, घरकुलांचं होतं, शेळ्यांच्या गोठ्यांचं होतं. ते तुरुंगाला कसं चिकटलं हे विचारायचं धाडस कुणात नव्हतं. वरून आलेला कागद चुकीचा असू शकतो, ही कल्पना त्या कचेरीत कधी शिरलीच नव्हती. समितीनं तासभर डोकं खाजवलं. तुरुंगाचा लाभ नेमका कुणाला होतो? भाऊसाहेब म्हणाले जनतेला, पण मग अख्ख्या जिल्ह्याच्या सह्या घ्याव्या लागल्या असत्या. शेवटी बैठकीचं इतिवृत्त लिहिणारी अपेक्षा, कचेरीतली सगळ्यांत नवी लिपिक, मान वर करून म्हणाली, "सर, जे राहणार ते."

यापेक्षा चांगलं उत्तर कुणाकडे नव्हतं. जिल्ह्यातल्या दोनशे कच्च्या कैद्यांची यादी झाली. फोटो लागले, आधार नंबर लागले. प्रत्येकानं 'सदर सुविधेचा लाभ घेण्यास मी स्वखुशीने तयार आहे' यावर सही किंवा अंगठा केला. दोघांनी तेवढं ताबा कधी मिळणार असं विचारलं.

रूपरावांना पहिल्यांदाच त्या परिशिष्टाविषयी प्रेम वाटलं. महिला प्रतिनिधी म्हणून त्यांनी रुखमाचं नाव सुचवलं, आणि प्रतिनिधीचा माणूस वर हवा म्हणून पुनाजीचं नाव यादीत पहिलं गेलं.

रुखमा बैठकीला आली. तिला शाल दिली, नारळ दिला, खुर्ची दिली. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं चार-पाच वाक्यांत सगळं सांगितलं. पहाटेची एसटी, उन्हातली भिंत, नंबर पुकारला तेव्हा नेमक्या आडोशाला गेलेल्या म्हाताऱ्या बाईची भेट कशी बुडाली, ते. ओरडली नाही, रडली नाही. भाऊसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते खोटं नव्हतं. त्यांना रडू चटकन यायचं आणि तेवढ्याच चटकन थांबायचं.

"चाळीस फुटाची शेड," ते म्हणाले. "संडासासकट. अन् रुखमाबाई, इमारत झाली का तुमच्या मालकाले आत जायाचा पयला मान. माही गॅरंटी."

इमारतीला चार वर्षं लागणार होती. टाळ्या वाजल्या. रुखमानं रूपरावांकडे पाहून मान हलवली, आणि रूपरावांना वाटलं, तीस वर्षांत एक काम झालं. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांनी बायकोसाठी संत्र्याची बर्फी घेतली. कशाबद्दल ते मात्र त्यांना सांगता येईना.

शेड या वेळी शाईनं काढली होती. प्रस्ताव पुन्हा वर गेला आणि मंजूर होऊन आला. फक्त एक दुरुस्ती होती. योजनेतून फक्त लाभार्थ्यांना सुविधा देता येते. लाभार्थी यादीप्रमाणे कैदी आहेत. कैदी भिंतीच्या आत असतात. सबब भिंतीबाहेरची शेड नियमात बसत नाही. भिंतीबाहेर फक्त सुशोभीकरण बसतं, आणि त्यात कमान व कारंजं आधीच बसलेलं होतं. अध्यक्षांचा शब्द मात्र मोडता येत नव्हता. म्हणून शेड कापली नाही. ती उचलून आत ठेवली. तीन नंबरच्या बराकीमागे, चाळीस फूट लांब, बाक, नळ आणि बायांच्या दोन संडासांसह. नाव तेच राहिलं, नातेवाईक प्रतीक्षालय.

रूपराव नकाशा घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, की पुरुषांच्या बराकीमागे, दोन भिंती आणि तीन कुलपांच्या आत, कुणाचे नातेवाईक येऊन बसणार आहेत?

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी रूपरावांना बसायला सांगितलं, चहा मागवला. "रूपराव, शेड हवी होती, शेड मिळाली," ते म्हणाले. "आता ती कुठं आहे, यात शिरू नका."

भूमिपूजनाला दीड हजार माणसांचा मांडव होता. मांडवात कूलर होते, थंड पाणी होतं, आणि महिलांसाठी आडोशाची उत्तम सोय होती. एका दिवसात सगळं उभं राहिलं होतं. रुखमा पहिल्या रांगेत बसली होती, तीच शाल घेऊन. मंचामागे रंगीत नकाशा टांगला होता. भाषणांना अजून वेळ होता. तिनं रूपरावांना गाठलं आणि आपली शेड कोणती, ते विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. तिला नकाशा वाचता येत नव्हता. पण रूपरावांनी बोट नेऊन दाखवलं, आणि ही भिंत, हे गेट, ही शेड, असं सगळं खरं सांगितलं. ती शिव्या देईल असं त्यांना वाटलं. तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रुखमानं त्या चौकोनावर बोट टेकवलं. "चाला, बरं झालं," ती म्हणाली. "मी राहीन बाहेर उन्हात. तो तरी सावलीत बसून माही वाट पाहीन."

काहीतरी विचारायचं म्हणून रूपरावांनी विचारलं, की खटला कधी उभा राहणार आहे, सुटका व्हायला अजून किती दिवस.

"जामीन तं पोळ्याच्या आंधीच झाला जी," ती म्हणाली. "जामीनदार भेटत नाई. घराचा नाई तं पगाराचा कागद असलेला माणूस पाह्यजे, सही कराले. आमच्यात कोणाजवळ हाय?"

मंचावर अकरा जण बसले होते. प्रत्येकाचं घर होतं, सात जणांची शेतं होती, चौघांचे पगार होते. त्या सगळ्यांनी रुखमाचं बोलणं ऐकलं होतं, एकानं डोळे पुसले होते, आणि तुझा माणूस आत का आहे हे एकानंही विचारलं नव्हतं. हे मनात आलं आणि रूपरावांना नेहमीसारखं मनातल्या मनात काही बोलता येईना. कारण अकरांत त्यांनी बारावा धरला तर तो तेच होते. बाकाची उंची त्यांनी तीन वेळा मोजली होती. हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता. आणि एवढं सगळं कळूनही त्यांच्या तोंडून निघालं ते "पाहतो."

रुखमानं मान हलवली. असं 'पाहतो' तिनं पुष्कळ ऐकलेलं होतं. ती जाऊन आपल्या खुर्चीवर बसली आणि भाषणं सुरू झाली.

मंगळवारी रूपरावांनी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'खासगी' लिहिलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. पुनाजी पळून गेला तर, असं तिनं दोनदा विचारलं. रूपरावांनाही ती भीती होतीच. घरटॅक्सची पावती आणि पगाराचा कागद पिशवीत घालून ते आर्वीच्या एसटीत बसले तरी ती गेली नव्हती. कोर्टात दोन चकरा झाल्या. तिथल्या कारकुनानं आरोपीशी नातं काय, असं विचारलं, तेव्हा रूपराव गडबडले आणि म्हणाले, "मी त्याचा जेल काढला आहे." कारकुनानं त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं आणि 'परिचित' असं लिहिलं.

पुनाजी सुटला. पोळ्याच्या आधीपासून जो कागद सापडत नव्हता, तो रूपरावांच्याच टेबलाच्या खणात पडलेला होता. रुखमा रूपरावांच्या घरी येऊन गेली, मोहाची फुलं आणि तिखाडीचं सुवासिक गवत देऊन गेली, आणि जाताना पाणी मागून दोन तांबे पिऊन गेली.

पंधरा दिवसांनी रूपरावांच्या टेबलावर साहेबांच्या सहीचं पत्र आलं. समितीनं ते एकमतानं काढलेलं होतं. मंजूर यादीतील लाभार्थी क्रमांक एक हा प्रकल्पातून परस्पर कमी झाल्याचे निदर्शनास आले आहे. त्यामुळे लाभार्थी संख्या निकषापेक्षा घटली असून मंजुरीस बाधा येण्याची शक्यता आहे. आपण कोणाच्या परवानगीने सदर लाभार्थ्यास वगळले, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

रूपराव ते दोनदा वाचून मनापासून हसले. मग त्यांनी कोरा कागद घेतला. लिहिलं, की सदर लाभार्थी आपल्या घरी आहे आणि त्याची पत्नी आता कुठेही वाट पाहत नाही. सबब प्रतीक्षालयाबाबत माझी काही तक्रार नाही. उरलेल्या लाभार्थ्यांपैकी किती जणांचा जामीन मंजूर आहे आणि जामीनदार नाही, त्यांची यादी कृपया मला मिळावी.

सही करून त्यांनी कागद स्वतःच अपेक्षाच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिनं आवक-जावकची नोंद करायला तो घेतला, वाचला, आणि हातातला शिक्का तसाच धरून बसली.

"काका," तिनं हळूच विचारलं, "नोकरीत कायम झाल्याला सहाच महिने झालेत. माझा पगाराचा कागद चालेल का हो?"